हकनाक मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करायचं

(नाशिकच्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलं आहे. पाड्यावर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं. – सं.)



सकाळपासून आपण दावे, मोजणी, अपील यावर बोललो. आताचा विषय जमिनीचा नाही. पण असा एकही पाडा नसेल जिथं तो घडला नाही. माणूस हकनाक मेला, तर मागं राहिलेल्यांनी काय करायचं?

म्हातारपणानं मरण येतं, दुखण्यानं येतं, ते वेगळं. मी बोलतोय ते दुसऱ्यानं मारल्यामुळं, नाहीतर दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळं आलेल्या मरणाबद्दल. दिवाळी झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवणकडची माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर जातात. कोणी विहिरीच्या कामावर, कोणी वीटभट्टीवर, कोणी नाशकात बांधकामावर. कोणी ट्रॅक्टरखाली येतं, कोणी सुरुंगात सापडतं, कोणाला तुटून पडलेल्या तारेचा शॉक बसतो. मग मालकाची जीप बॉडी घेऊन पाड्यावर येते. दहा-वीस हजार रुपये, एक लिहून आणलेला कागद, आणि अंगठा. वरून बोलणं असं की, "झालं ते झालं, माणूस काय परत येणार आहे का?"

माणूस परत येत नाही, हे खरंच आहे. पण त्याची बायको, पोरं, आईबाप जिवंत असतात, आणि त्यांचा कायद्यानं हक्क असतो. आज दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. पहिली, एका मरणामागं कायद्याच्या चार-पाच वाटा असतात. एक धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. एक अपवाद आहे, तो पुढं सांगतो. दुसरी, या सगळ्या वाटा पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या कागदांवरून जातात. वनहक्काच्या दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात हे आपण मार खाऊन शिकलो. इथंही तसंच.

इगतपुरी तालुक्यातली गोष्ट तुम्हाला माहीत आहे. २०२२ साल. कातकऱ्याची दहा-अकरा वर्षांची पोर, शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडं कामाला ठेवलेली. पाचशे रुपये आणि एक मेंढी एवढ्यावर पोरं नेली जातात, असं तेव्हा पेपरात छापून आलं. ऑगस्टच्या शेवटी पोर बेशुद्ध अवस्थेत आईबापाच्या झोपडीजवळ आणून टाकली. अंगावर जखमा. नाशिकच्या दवाखान्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला ती गेली. आता हे मरण "पोर आजारी होती, गेली" म्हणून सहज मिटलं असतं. मिटलं नाही, कारण दवाखान्यात नोंद झाली, पोलिसात तक्रार झाली, श्रमजीवी संघटनेनं ते लावून धरलं. वेठबिगार बंदीचा १९७६ चा कायदा लागला, ॲट्रॉसिटी लागली, खुनाचं कलम लागलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं सरकारला नोटीस काढली. आणि अशीच कामाला नेलेली आणखी पोरं सापडली, सुटून घरी आली. एका मरणाची नीट नोंद झाली म्हणून जिवंत पोरं सुटली. हिशोब करा.

आता पहिले तीन दिवस.

बॉडी जाळायची घाई करू नका. दुःख असतं, पावणे जमलेले असतात, मालक म्हणतो गाडी देतो, लवकर उरका. नाही. आधी पोस्टमार्टम. पुरलेली बॉडी मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं उकरून तपासता येते, पण जाळली की पुरावा राखेत गेला.

पोलीस जागेवर येऊन पंचनामा करतात. त्यावर आजूबाजूच्या दोन किंवा जास्त माणसांच्या सह्या लागतात. तिथं आपला एक तरी वाचता येणारा माणूस उभा पाहिजे. जखमा कुठं आहेत, कपडे कसे आहेत, तार कुठं पडली होती, विहीर किती खोल, हे त्यात लिहिलं का ते बघायचं. मोबाईल असेल तर फोटो काढून ठेवायचे.

मग ठाणं. इथं आपण फसतो. पोलीस नोंद करतात, आपण समजतो गुन्हा दाखल झाला. पुष्कळदा ती नुसती "अकस्मात मृत्यू"ची नोंद असते. माणूस मेला एवढंच त्यात असतं, कोणावर गुन्हा नसतो. म्हणून विचारायचं, "ही अकस्मात मृत्यूची नोंद आहे का एफआयआर?" एफआयआर असेल तर त्याची नक्कल फुकट द्यावी लागते. मरण दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात झालं तरी आपल्या जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. "हद्द आमची नाही" हे उत्तर आता चालत नाही. २०२४ च्या जुलैपासून जुन्या फौजदारी कायद्याच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलेलं आहे.

ठाण्यानं नाहीच घेतली तर? वाद घालत बसू नका. तीच तक्रार लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा. त्यानंही हललं नाही तर तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटपुढं प्रतिज्ञापत्रासह अर्ज. आणि एफआयआर झाल्यावर नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. नाही कळवलं तर लेखी विचारा.

मृत्यूचा दाखला जिथं मरण झालं तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो, आपल्या गावात नाही. नोंद एकवीस दिवसांत करायची. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहून घ्या. एका अक्षराच्या फरकानं वर्ष-वर्ष जातं.

मागून एक ताई विचारतेय की लग्नाची नोंदच नाही, मग मी त्याची बायको हे कशानं दाखवू? चांगला प्रश्न. आपली लग्नं आपल्या रिवाजानं लागतात आणि ती खरीच असतात. रेशनकार्ड, मतदारयादी, पोरांचा शाळेचा दाखला, आणि ग्रामसभेचा ठराव, हे सगळं जोडायचं. ठराव लगेच करा, वर्षानं नाही.

आता वाटा. मरण कसं झालं त्यावर वाट ठरते.

पहिली, कामावर मेला. १९२३ सालापासून कायदा आहे की कामावर अपघातात मजूर मेला तर मालकानं भरपाई द्यायची. हल्ली तो हक्क नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे. यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही. कामामुळं मेला, बस्स. वीटभट्टी, बांधकाम, मशीनवरचं शेतकाम, सुरुंग लावून खोदलेली विहीर, हे सगळं त्यात येतं. मुकादमानं आणलं होतं म्हणून मोठा मालक हात झटकू शकत नाही. आणि रक्कम किती? महिन्याच्या मजुरीच्या निम्मे, गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे. त्याची मजुरी महिना १२,००० धरा. निम्मे ६,०००. गुणाकार करा, १२,४७,८८० रुपये होतात. साडेबारा लाखाच्या जवळ! आणि आपण वीस हजारावर अंगठा देतो. महिन्याभरात दिले नाहीत तर वर बारा टक्के व्याज, शिवाय दंड. म्हणून मजुरी किती, किती दिवसांपासून, उचल किती घेतली, सोबत कोण होतं, हे लिहून ठेवा. मुकादम उद्या म्हणेल, मी याला ओळखतच नाही.

दुसरी, गाडीनं मेला. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा. तो नाशिकच्या जिल्हा न्यायालयात होतो, जिथं आपण राहतो तिथूनही करता येतो. कोणाची चूक हे दाखवायचं नसेल तर मृत्यूला पाच लाख रुपये अशी ठरलेली रक्कम आहे. चूक दाखवता आली तर कमाईप्रमाणं त्याहून पुष्कळ जास्त. धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, तरी दोन लाख सरकारी योजनेतून मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडं. दावा सहा महिन्यांत टाका. आता तो अपवाद. कामावर असताना गाडीनं मेला, तर मजुराची भरपाई किंवा मोटार अपघाताची, दोन्हींपैकी एकच घेता येते. कोणती जास्त ते वकिलाबरोबर बसून ठरवा, घाईत अर्ज टाकू नका.

तिसरी, वीज. तुटलेल्या तारेनं माणूस मेला तर कंपनी म्हणते, वादळानं तुटली, कोणीतरी आकडा टाकला होता. सुप्रीम कोर्टानं २००२ साली मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सांगून टाकलं आहे की एवढी धोक्याची वस्तू तुम्ही खेळवता, तर तिच्यापासून झालेल्या नुकसानीला तुम्हीच जबाबदार. तो माणूस रात्री सायकलीवर घरी चालला होता, रस्त्यावर जिवंत तार पडलेली. दुसऱ्याच्या वीजचोरीचं कारण कोर्टानं ऐकलं नाही. आपण करायचं एवढंच की विद्युत निरीक्षकाला लेखी कळवायचं आणि त्याच्या चौकशीचा अहवाल मागायचा.

चौथी, बिबट्या, वाघ. त्यासाठी राज्य सरकारची मदत आहे, मृत्यूला पंचवीस लाख. त्यातला काही भाग हाती मिळतो, बाकी मुदत ठेवीत. वनखात्याला त्याच दिवशी कळवा, पंचनामा करून घ्या. "जंगलात कशाला गेला होता?" असं विचारलं तर घाबरू नका. मोहाची फुलं, डिंक, पानं गोळा करणं हा २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केलेला हक्क आहे.

पाचवी, मारून टाकलं, आणि मारणारा बिगर आदिवासी, आपण आदिवासी आहोत हे त्याला ठाऊक होतं. तिथं ॲट्रॉसिटीचं कलम लागलं पाहिजे. ते एफआयआरमध्ये नसेल तर लेखी मागा. एफआयआरच्या आधी चौकशी करतो, असं पोलीस म्हणू शकत नाहीत. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा. मदत ८ लाख २५ हजार. अर्धी पोस्टमार्टम झाल्यावर, अर्धी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. निकालापर्यंत थांबायचं नाही. याशिवाय विधवेला किंवा अवलंबून असलेल्याला महिना पाच हजार पेन्शन आणि वर महागाई भत्ता, पोरांच्या शिक्षणाचा खर्च, एकाला नोकरी, गरज असेल तिथं जमीन आणि घर, हेही नियमांत लिहिलेलं आहे. पहिले पैसे मिळतात आणि पुढचं सगळं विसरलं जातं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, तिच्या बैठकीत हे लेखी मागा. नियमातच लिहिलंय की ही मदत बाकीच्या कायद्यांतल्या भरपाईशिवाय आहे.

सहावी, पोलीस कोठडीत मेला. तिथं मॅजिस्ट्रेटची चौकशी सक्तीची आहे. मानवी हक्क आयोगाकडं एका वर्षाच्या आत साध्या कागदावर तक्रार करता येते. ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १९८७ चा डिसेंबर. बावीस वर्षांचा पोरगा पोलिसांनी उचलला, दुसऱ्या दिवशी बॉडी रेल्वेरुळावर. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. त्याच्या आईनं, नीलाबती बेहरा बाईंनी, सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. पत्रच, मोठी याचिका नाही. कोर्टानं तेच याचिका धरलं. १९९३ साली निकाल दिला की कोठडीतल्या मरणाला सरकार जबाबदार आहे, आईला दीड लाख द्या. वर हेही सांगितलं की ही भरपाई वेगळी आणि दोषी पोलिसांवरचा खटला वेगळा. आज देशभरात कोठडीतल्या मृत्यूची भरपाई मागताना त्या बाईच्या निकालाचं नाव घेतात.

सातवी, सरकारी दवाखान्यातला हलगर्जीपणा. फुकट उपचार होते म्हणून ग्राहक कोर्टात जाता येत नाही, हे खरं. पण दिवाणी दावा करता येतो. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ च्या जुलैमध्ये एक बाई बाळंत झाली. मग नसबंदीचं ऑपरेशन झालं, आणि पोटात टॉवेल राहिला. अकरा दिवसांत बाई गेली. नवऱ्यानं आणि पोरांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये दिले, हायकोर्टानं ते काढून घेतले, आणि सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या फेब्रुवारीत परत दिले. कोर्ट म्हणालं, नक्की कोणत्या डॉक्टरची चूक हे घरच्यांना दाखवता आलं नाही तरी चालेल, पोटात टॉवेल राहिला ही गोष्टच बोलते, आणि दवाखाना सरकारचा म्हणून जबाबदारी सरकारची. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हे नाव वकिलाला सांगा.

पण मोजा, ६३ ते ९६. तेहतीस वर्षं. हे मी मुद्दाम सांगतोय. कायदा आहे म्हणजे उद्या पैसे येतील असं समजू नका. म्हणूनच लवकरच्या वाटा आधी धरायच्या, मदतीची, कामगार भरपाईची, आणि लांबची वाट मागून चालू ठेवायची. घर आधी उभं राहिलं पाहिजे.

आता तो कागद, ज्यावर अंगठा मागतात. एका दादानं विचारलं की पंचांपुढं तडजोड झाली, पैसे घेतले, आता केस संपली का? नाही संपली. खून असो नाहीतर हलगर्जीपणानं मृत्यू असो, हे गुन्हे आपसात मिटवता येत नाहीत. आणि कामगार भरपाईत तर कायदा सांगतो, मजुराचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द. मेलेल्या मजुराची भरपाई मालकानं परस्पर घरी देऊन चालत नाही, ती आयुक्ताकडं, म्हणजे आपल्याकडं कामगार न्यायालयात, भरावी लागते. तिथून ती बायकोला, पोरांना वाटून मिळते. दिराला नाही, मुकादमाला नाही. तेव्हा मालकानं मातीसाठी पैसे दिले तर घ्या, गरज असते. पण अंगठा देऊ नका. द्यावाच लागला तर आधी वाचून घ्या आणि "फक्त अंत्यविधीसाठी मिळाले" एवढंच त्यावर लिहा. घेतलेल्या पैशाची लाज बाळगून पुढची वाट सोडू नका. मालकाला तेच पाहिजे असतं.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हा १९८७ चा विधी सेवा कायदा, कलम १२. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आणि नाशिकला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. जातीचा दाखला आणि साधा अर्ज लागतो. आणि मारणारा सापडलाच नाही, तरी पीडित भरपाईचा अर्ज याच प्राधिकरणाकडं करता येतो. बाहेर कोणी "निम्मे माझे" म्हणणारा भेटला तर त्याला सही देऊ नका.

मुदती परत सांगतो, लिहून घ्या. मृत्यूची नोंद एकवीस दिवस. मोटार अपघात सहा महिने. मानवी हक्क आयोग एक वर्ष. कामगार भरपाई दोन वर्षं. दिवाणी दावाही दोन वर्षं.

शेवटी गावानं काय करायचं. एकटी बाई, दोन दिवसांची विधवा, मांडीवर पोर, ती ठाण्यात जाऊन कलम सांगू शकत नाही. तिच्याकडून ती अपेक्षाच करू नये. हे काम ग्रामसभेचं आहे. पुढच्या ग्रामसभेत पाच जण निवडा, त्यात दोन तरी बाया. कामाला बाहेर जाणाऱ्यांची एक वही करा. कोण, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या गावाला, कोणाच्या मळ्यावर, मजुरी किती ठरली, फोन कोणता. पोरं कोणाकडं कामाला ठेवली असतील तर तेही लिहा, आणि त्यांना आधी परत आणा. ही वही दिवाळीच्या आत झाली पाहिजे, गाड्या भरायच्या आधी. कोणी गेलंच, तर या पाचांनी त्याच दिवशी निघायचं, एकानं पोस्टमार्टमला, एकानं ठाण्यात, बाकीच्यांनी घरी थांबायचं आणि अंगठा घ्यायला येणाऱ्याला ओट्यावरच बसवून ठेवायचं.

वहीचा नमुना अंकाच्या शेवटच्या पानावर छापायला सांगितला आहे. पुढच्या बैठकीला येताना भरून आणा, तिथं प्रत्येक गावाची वही बघणार आहोत.

जोहार. जिंदाबाद!